साहेब येईस्तोवर

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवापेक्षा मोठ्या अक्षरांत एक नाव छापलं होतं. त्याच नावाला मी कॉलेजपासून पत्रकांमधून झोडपत आले होते.

पत्रिका घरी आली तेव्हा मी बाबांना विचारलं, "काऊन?"

"तो येते," बाबा म्हणाले. विषय संपला.

आमचं गाव घुग्घुसला लागून. दारासमोरून कोळशाचे ट्रक जातात, उघडेच. वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतो. ट्रकवर ताडपत्री टाका आणि रस्त्यावर पाणी मारा, एवढीच आमची मागणी, आणि प्रत्येक पत्रकाची पहिली ओळ साहेबांना उद्देशून. दुसऱ्या कोणाला विचारायचं? माझ्या जन्माआधीपासून, मधली एक हार सोडली तर, दिल्लीत हाच माणूस आमचा खासदार म्हणून बसलेला आहे.

बाबा खाणीत कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ साहेबांकडे. सतरंज्या अंथरल्या, बॅनर बांधले, सभा संपल्यावर त्याच सतरंज्या झटकून घडी केल्या. तेव्हा साहेब साहेब नव्हते, 'भाऊ' होते. दुसऱ्याची मोटरसायकल मागून आणायचे, मागे बाबांना बसवायचे आणि थेट जिवतीच्या डोंगरापर्यंत गावं पालथी घालायचे. कोणाच्याही ओसरीवर झोपायचे. भाकर आणि टमाट्याची चटणी मिळाली तर मागून खायचे. मग निवडून आले, दिल्लीला गेले. एकदा पडले. पक्ष बदलला, पुन्हा निवडून आले, मंत्री झाले. मोटरसायकलची जीप झाली, जीपचा ताफा झाला आणि भाऊंचे साहेब झाले. त्यांच्या पक्षाबरोबर आमच्या अंगणातला झेंडाही बदलला. बांबू तोच राहिला.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं होतं, बांबूसकट. बाबांनी वाचून घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "लिवतं बरं. पन अर्धं लिवतं."

लग्नाच्या दिवशी मंडपात दोन तसबिरी, हार, पुढे मेणबत्त्या. पेटवलेली एकही नाही. मी पांढऱ्या साडीत, शेजारी पांढऱ्या सदऱ्यात नवरदेव. हा एटापल्लीच्या दवाखान्यात काम करतो. त्याचं वऱ्हाड पहाटेच बसने निघालेलं. बौद्धाचार्य मांडीवर पुस्तक ठेवून घाम पुसत होते, त्यांना पुढे आणखी एक लग्न लावायचं होतं. सकाळची वेळ टळली, ऊन डोक्यावर आलं, कूलर गरम हवा फेकायला लागला. साहेबांच्या पीएचा फोन मात्र दर थोड्या वेळाने यायचा: साहेब निघाले. मग पुन्हा: साहेब निघालेच आहेत.

नवरदेवाची आत्या पंख्याने वारा घेत मोठ्यानं म्हणाली, "सूनबाई, तुमचा नेता दिल्लीहून पायी येऊन राह्यला काय?"

बायका हसल्या. मी हसले नाही, कारण तो माझा नेता नव्हता.

नवरदेव कानाशी येऊन म्हणाला, "साहेब कुठंच टायमावर येत नाई, हे लिवलं होतं ना तू पत्रकात?"

"लिहिलं होतं."

"मंग बाबानं तेवढंच पान वाचलं नाई वाटते."

तेवढ्यात त्याची आई आली. "बाई, आमच्या गाडीले आलापल्लीच्या पुढं अंधार पडाले नको. रस्ता जंगलाचा हाय, बसमंदी लेकरं हायेत." एवढंच म्हणून ती जागेवर जाऊन बसली. तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मला बसवेना. मी उठले. "कुठी चालली नवरी?" कोणीतरी विचारलं. मी मंडपातून सरळ रस्त्यावर आले.

बाबा गेटपाशी उभे होते. हातात साहेबांसाठीचा हार, त्यावर ओला दुपट्टा झाकलेला. समोरून ट्रक गेला. त्यांनी हार छातीशी धरून ट्रककडे पाठ केली, धूळ बसू नये म्हणून. ते पाहून माझं डोकं आणखी फिरलं.

"बाबा, आपन मुहूर्त काऊन सोडला?"

त्यांनी हारावरचा दुपट्टा नीट केला. हा किस्सा त्यांचाच. धर्मांतरानंतर आजोबांनी पहिल्याच लग्नात पंचांग बाजूला सारलं आणि सांगितलं, माणसं जमली की वेळ झाली. गावातल्या प्रत्येक लग्नात बाबा हे माइकवर सांगतात.

"माणसं जमली का नाई?" मी विचारलं.

बाबांनी मंडपाकडे पाहिलं. लेकरं पेंगत होती.

"साऱ्या गावाले सांगून ठेवलं म्या," ते म्हणाले. "तो आला नाई तर लोक म्हनतीन, जिंदगीभर सतरंज्या झटकल्या, पोरीच्या लग्नालेही कामी नाई आल्या."

"म्हनू द्या."

"तुले सोपं हाय, बाई. तू त्याच्या विरोधात हायेस. माहं तर सारं त्याच्यातच गेलं."

पत्रकात असं वाक्य कोणी म्हणत नाही. मी म्हटलं, "मी आत जाऊन बसतो. तुमी सांगाल तवा लागू द्या लगन."

मी परत जाऊन बसले. हात एकमेकांत अडकवून ठेवले, नाहीतर नवरदेवासाठीचा हारच तोडत बसले असते. मग बाबा आले. हार खुर्चीवर ठेवला, माइक घेतला आणि म्हणाले, "माणसं जमली. वेळ झाली."

मेणबत्त्या पेटल्या. सगळे उभे राहिले, त्रिशरण सुरू झालं. आम्ही पंचशीलात होतो तेव्हा सायरन ऐकू आला.

माना वळल्या. एक कार्यकर्ता माइक बंद करायला धावत आला. बौद्धाचार्यांनी म्हणता म्हणता बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. पाय मात्र पाहिले मी, पंजे चप्पल शोधत असल्यासारखे हलत होते. आयुष्यभर हा सायरन ऐकला की ते धावले होते. आज हलले नाहीत. उलट आवाज चढवला. कार्यकर्ता माइकपाशी तसाच उभा राहिला.

साहेब मंडपाच्या कडेला थांबले. फार म्हातारे दिसले, फोटोतल्यापेक्षा बरेच. एकाच्या खांद्याला धरून त्यांनी बूट काढले आणि हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते. शब्दन् शब्द पाठ होता त्यांना, पालीचा. इतक्या वर्षांत आमच्या किती मंडपांत उभा राहिला असेल हा माणूस. माझा संताप झाला. पाठ आहे आणि तरी ट्रक उघडेच.

वंदना संपली, प्रतिज्ञा झाल्या, हार घातले. तेवढा वेळ साहेब उभे होते. मग स्टेजवर आले. माइक धरला, पीए कानाशी वाकला आणि मग साहेब म्हणाले, "माझे जुने सहकारी..." पुढे बाबांचं नाव. बाबांनी तो सुकलेला हार त्यांना घातला.

आशीर्वादाला हात वर आला तेव्हा मी विचारलं, "साहेब, ट्रकवर ताडपत्री कधी पडणार?"

"लग्नाच्या दिवशी तरी सोड, बेटा."

"धूळ लग्नाच्या दिवशीही पडतेच."

ते हसले. पीएला म्हणाले, "घे लिहून." पीएने फोन बाहेर काढला, पाहिला, खिशात टाकला. ताफा गेला. मंडपावर धूळ येऊन बसली.

बस निघताना उजेड होता. बाबा खिडकीपाशी आले.

"पीएनं कानात सांगतलं माहं नाव."

"पाह्यलं मी."

"म्यापन पाह्यलं." ते रस्त्याकडे पाहत राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी खिडकीचा गज सोडेनात. "पुढलं पत्रक कवा हाय तुहं?"

"कायले?"

"ताडपत्रीचं टाक. घे लिहून म्हनला तो, साऱ्याइच्या समोर. साक्षीदार मी हाओ. खाली माहं नाव टाक." बस हलली तसे ते सोबत चार पावलं आले. "पुरं टाक, बापाच्या नावासकट. त्याले कोनी कानात सांगाची पाळी याले नको."