हिराला द्यायचा निरोप

हिरा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा मोबाइल नातीच्या हातात होता. तिचा खेळ ऐन रंगात आलेला, म्हणून तिनं फोन दोनदा कट केला. तिसऱ्यांदा मी तो हिसकावून घेतला. पलीकडे हिराची मुलगी, मनीषा. "मावशी, आय गेली..." नातीला झापायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो अधिकार मला नाही. का नाही, ते महिनाभर मनात घोळवून आज लिहायला बसले आहे.

हिरा अर्नाळ्याची. सकाळच्या एसटीनं मासळीची पाटी घेऊन विरारला यायची, फुलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगी फिरायची आणि पाटी रिकामी झाली की आमच्या स्वयंपाकघरात भाकरी खायला टेकायची. तिच्या घरी फोन नव्हता, म्हणून घरच्यांना तिनं माझा नंबर देऊन ठेवलेला. "दुपारची मी वयनीकडं असते. काय झालंच तर तिथं लावा." असे किती निरोप मी तिला दिले असतील! बारशाचे, साखरपुड्याचे, म्हातारीच्या दातदुखीचेसुद्धा.

नव्वदच्या दशकातली मी म्हणजे एक नमुनाच होते. केबल नुकतीच आलेली. रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर घालून मी तो देवासारखा जपायची. दुपारच्या मालिकेतली सून रडली की माझा पदर ओला, आणि आमच्या ह्यांचं तापमापक कुठं ठेवलंय ते मात्र तीन दिवस सापडत नसे. त्या अर्ध्या तासात कोणी फोन करून रसभंग करू नये म्हणून मी रिसीव्हर काढून सोफ्यावर आडवा ठेवायची. ही युक्ती शेजारणींनाही शिकवली होती, वर मिरवलीसुद्धा होती!

त्या दुपारी हिरानं भाकरी सोडलीच नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "वयनी, यांना काल ताप होता. तरी होडीवर गेले. सकालपासून जीव थाऱ्यावर नाय बगा."

"हं."

"ऐकताय ना?"

"हिरा, एवढं संपू दे गं. जाहिरात लागली की बोल."

जाहिरात लागली तेव्हा चौकटीत कोणी नव्हतं. लवकरची एसटी गाठायला ती निघून गेली होती. मला हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू...

त्याच वेळी तिचा नवरा विरारातल्याच एका दवाखान्यात होता. होडीवर कोसळला, म्हणून किनाऱ्यावरून थेट तिथं आणलेला. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. हिराचा भाऊ दवाखान्यासमोरच्या बूथवरून माझा नंबर फिरवत राहिला. हिरा आमच्याकडून निघायच्या आधीच त्यानं नाद सोडला आणि अर्नाळ्याला माणूस धाडला. हिरा अर्नाळ्याला उतरली, तिथं तिला कळलं, ती उलटी फिरली. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटपर्यंत शुद्धीत होता, म्हणे. दाराकडं बघत होता.

बाराव्याला भाऊ मला म्हणाला, "वयनी, फोन लागलाच नाय."

"लाइन बंद होती," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले! हिरा भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. पाहतच राहिली.

पाटी घेऊन ती पुन्हा यायला लागली. मी दुपारचा टीव्ही बंद केला. तिच्यासमोर पाट टाकून बसायची आणि बोलत सुटायची. पापलेटापासून पोरांच्या लग्नापर्यंत. ती गप्प झाली की मला वाटायचं, आता विचारेल, आता विचारेल... म्हणून मी तिला गप्प होऊच द्यायची नाही. बिल्डिंगीतल्या बायका म्हणायच्या, मैत्री असावी तर अशी. हिरा हसायची. "वयनी, लय बोलता तुमी. मधी मधी थांबत जा जरा." तिची पाटी थांबेपर्यंत अशी दहा वर्षं गेली. मी काही थांबले नाही.

परवा अर्नाळ्याला गेले. हिराच्या खोलीत मनीषा बोंबील निवडत होती. मी नेहमीप्रमाणे बडबडायला लागले, तशी ती मान वर न करता म्हणाली, "मावशी, आयला ठावं होतं. त्या दिवशी तुमच्याकडनं निघताना रिसीव्हर तिनंच उचलून जागेवर ठेवला होता. तुमचं लक्ष नव्हतं."

मी विचारलं, "मग ती मला बोलली का नाही गं?"

"बोलायची, वयनीच्या तोंडात काय ऱ्हात नाय. सांगतील एक दिवस त्याच. म्हनून जायची रोज. आजारी पडली तरी इचारायची, वयनी येऊन गेल्या का?"

खिडकीखाली हिराची पथारी अजून घातलेली होती. तिच्या कडेला बसून मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सलग, काही न लपवता. मनीषाचे हात थांबले होते. माझं संपलं आणि मी थांबले.

मग तिनं विचारलं, "त्या दिवशी मालिकेत काय होतं, मावशी?"

मी खूप आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना.