चपलांचा अर्थ

माझ्या बाकावर चपलांचा एक जोड ठेवलेला होता. चिखलानं भरलेला, अजून ओला. वर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आकडा, १. सगळा वर्ग बसलेला होता आणि एकाचंही डोकं वहीतून वर नव्हतं.

आदल्या दिवशी इंग्रजीच्या तासाला एक कविता झाली होती. माणूस देवळाच्या पायरीशी चपला काढतो आणि आत जातो, एवढीच. मॅडमनी विचारलं, चपला कशाचं प्रतीक? मालिनी उठली. "अहंकाराचं. अहंकार बाहेर ठेवल्याशिवाय देव दिसत नाही." मॅडम म्हणाल्या, लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं.

मी हात वर केला. गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. म्हणाले, "मॅडम, या कवितेत चपला कोणी उचलत नाही. खऱ्या देवळाबाहेर कोणीतरी उचलतं. कवीला ती बाई दिसलीच नाही."

"तुला कसं माहीत?"

"माझी आई चपलांच्या स्टँडवर बसते."

बसायची. तंजावुरातल्या एका देवळाबाहेर, नऊ वर्षं. लोक तिच्या हातात चपला देत नसत, पायानं ढकलत. प्रदोषाच्या गर्दीत तर फेकत. ती उचलून जोड लावायची, टोकन द्यायची. प्रसादाचं सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, तिलाही मिळायचं, पण हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकलेलं. यात अहंकार कोणाचा, एवढंच मला विचारायचं होतं.

वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "देवाधर्माच्या गोष्टीत घरचं रडगाणं आणू नकोस." आणि मागून मालिनी, हळूच, आमच्या मराठीत, बाकी कोणाला कळू नये म्हणून: "चेरुप्पु उचलणारीच्या लेकीनं देवाचं सांगूं नये गे."

चेरुप्पु म्हणजे चपला. आमच्या मराठीत घरातल्या निम्म्या वस्तू तमिळ आहेत. इथं मराठी म्हणजे घरातच बोलायची भाषा, दोन मराठी माणसं भेटली की नातेवाईक भेटल्यासारखी सुखावतात. तिचे पूर्वज इथल्या मराठा राजाच्या कचेरीत होते, माझे राजाच्या तबेल्यात. तरी मी तिला आपली समजत होते. आपलेच दात, आपलेच ओठ. तमिळमध्ये बोलली असती तर मी तिथंच भांडले असते. मराठीत बोलली आणि माझी जीभ वळेना.

त्यानंतर तो पहिला जोड. मग तीन. शुक्रवारी अकरा, प्रत्येकावर आकडा. मॅडमनी पाहिलं. कोणाचे, असं विचारलं नाही. मला म्हणाल्या, "ते बाहेर ठेव आणि बस. तास सुरू करायचाय."

मी ठेवले. हे सांगताना आजही अंग जळतं. अकराही जोड माझ्या हातांनी उचलले आणि दाराबाहेर मांडताना नकळत टाचा भिंतीकडे, जोडीला जोड, आई लावायची तसे लावले. शाळा सुटली की मी तिच्याशेजारी बसून हेच करायचे. सगळे दारात उभे राहून बघत होते. "रक्तातच आहे," कोणीतरी म्हणालं. या वेळी कोणी हसलं नाही. ते हसले नाहीत म्हणून मला भीती वाटली.

त्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं वाक्य फिरलं. माझं नव्हतंच ते. देवळात चपला घालूनच जावं, असं मी म्हणाले म्हणे. कोणी कोणाला पाठवलं ते कळलं नाही, पण दोन दिवसांत आमच्या गल्लीतल्या वाण्यालाही ते माहीत होतं.

प्रदोषाच्या दिवशी स्टँडवर चौघे आले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. आईसमोर उभे राहिले, फोनमध्ये तिचा फोटो घेतला आणि निघून गेले. संध्याकाळी स्टँडचा ठेकेदार आला. "पोरीनं वर्गात माफी वाचायची. नाहीतर पुढच्या सोमवारपासून इथं दुसरी बाई बसेल."

घरात आम्ही दोघीच. आई म्हणाली, "वाच गे. वाचलीस तर काय झिजतंय तुझं?" मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, मी वाचणार होते. तिचे पाय आखडले होते, नवीन काम तिला कोण देणार?

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी मला पुढं बोलावून कागद दिला. अक्षर मालिनीचं. मी कवितेचा चुकीचा अर्थ लावला, इथवर वाचलं. चपला अहंकाराचं प्रतीक आहेत, तेही वाचलं. शेवटचं वाक्य होतं: माझ्या आईनं मला चांगले संस्कार दिले नाहीत, याची मला लाज वाटते.

मी थांबले. पहिल्या बाकावरून मालिनी मराठीत म्हणाली, "एकच ओळ उरली गे. वाचून टाक."

आईचा फोटो काढून झाला होता. तिचं काम त्यांच्या मुठीत होतं. आता तिच्याच लेकीच्या तोंडून तिला नालायक म्हणवून घ्यायचं होतं. कवितेचा माझा अर्थ त्यांना कधी खुपलाच नव्हता, आई माणूस आहे हे मी वर्गात उघड बोलले, ते खुपलं होतं. हे मला तिथं, फळ्यासमोर, एकदम लख्ख कळलं.

"हे वाक्य मी वाचणार नाही," मी म्हणाले. तमिळमध्ये, मग मराठीत, मालिनीकडे बघून.

मॅडम म्हणाल्या, "परिणाम माहीत आहेत ना?"

"आहेत."

सोमवारी स्टँडवर दुसरी बाई बसली. आई घरी असते, माझ्याशी कामापुरतं बोलते. गल्लीच्या तोंडाशी रोज एक मोटरसायकल उभी असते, तिच्यावरचा माणूस बदलतो. मॅडम सांगतात, दुसऱ्या तुकडीत जा, तुझ्याच भल्यासाठी.

देवनागरी मला येत नव्हती. ती शिकले. मालिनीनं जे मराठीत कुजबुजून म्हटलं, त्याचं उत्तर मला मराठीत, नीट वाचता येईल असं लिहायचं होतं. याची एक प्रत मालिनीच्या घरी तिच्या वडिलांना देणार आहे, स्वतः जाऊन. आईचं काम माझ्यामुळं गेलं, ते ओझं माझं आहे आणि ते मी वाहीन. पण तुकडी बदलणार नाही. माफी आता त्यांनी मागायची आहे, माझ्या आईची, भर वर्गात. तोवर मी त्याच बाकावर बसणार आहे.