जान्याची टोपी

माझा जोडीदार हवालदार जान्या वरठा वारल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या नाक्यावर एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होतो. माझा चेहरा बघून त्यानेच ट्रक बाजूला घेतला आणि "साब, पानी पियो" म्हणत बाटली पुढे केली. जान्याला हे सांगितलं असतं तर तो आठवडाभर हसला असता... पण आता सांगायचं कुणाला?

आमच्या ठाण्यात खाकी घातलेला पहिला वारली म्हणजे जान्या. त्याच्याआधी वारली माणूस तिथे यायचा तो आरोपी नाहीतर साक्षीदार म्हणून. मी साताऱ्याकडचा. दोघे एकाच दिवशी हजर झालो. पण साहेब मला बंदोबस्ताला धाडायचे आणि त्याला दुभाष्या म्हणून टेबलाशी उभा करायचे. त्याला ते लागायचं. "आमी काय पोलीस नाय का?" एवढंच म्हणायचा आणि बूट आणखी चकचकीत करायचा.

पहिल्या सुट्टीत गडी नव्या गणवेशात, ऐटीत, डोंगरातल्या आपल्या पाड्यावर गेला. सोबत मलाही नेलं. लांबून खाकी दिसली आणि अख्खा पाडा रानात पसार! चुलीवर भाकऱ्या तशाच. अंगणात आम्ही दोघे आणि कोंबड्या. जान्या ओरडला, "आये, मी जान्या हाय!" करवंदीच्या जाळीमागून त्याच्या आईचा आवाज आला, "टोपी काढ, मंग बघू." त्याने टोपी काढली तसा एकेक जण हसत बाहेर आला. मी तर लोळायचाच बाकी होतो. जान्या मात्र परतताना टोपी हातातच धरून चालला होता. "माजी आय मना भ्याली रं," म्हणाला.

तेव्हापासून कुठल्याही पाड्यात शिरताना तो टोपी काढून काखेत धरायचा, जमिनीवर बसायचा, आधी भाताचं विचारायचा, मग कामाचं. एका साहेबांनी शिस्तीवरून झापलं, तर म्हणाला, "साहेब, टोपी घातली तं जबाब झाडांचा घ्यावा लागंल." साहेबही हसले. बघता बघता मलाही ती सवय लागली. पुढे हवालदार झाल्यावर सुट्टीच्या सकाळी तो चिंचणीच्या वाळूत पाड्यांवरच्या पोरापोरींना भरतीसाठी पळवायचा. "पला! पन पोलिसाला भिऊन नाय, पोलीस व्हयाला!" त्यातल्या दोघी आज पालघरला गणवेशात आहेत.

परवा ड्युटीवरूनच त्याच्या घरी गेलो. ओट्यावर त्याची म्हातारी आई बसली होती. दाराशेजारच्या खिळ्यावर जान्याची टोपी. अंगणात पाऊल टाकताना माझा हात सवयीने डोक्याकडे गेला.

"राहू दे," ती म्हणाली. "खाकी दिसली का वाटतं, माजा जान्या आला."

मी डोक्यावरची टोपी सारखी केली, तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मग मी विचारलं, "आई, भात कसा हाय औंदा?"