सारवणातून राहिलेले चौकोन

शेणामातीचा ओला वास आला की मला आमची मातीची भिंत आठवते. सरकारी कार्यालयातल्या दुभाष्याच्या जागेसाठी मी घरी बसून जपानी शिकत होते. रोजचे नवे शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि मैद्याच्या खळीनं भिंतीवर चिकटवायचे. माठामागे ‘मिझू’ म्हणजे पाणी, चुलीमागे ‘हि’ म्हणजे विस्तव. परीक्षा दिवाळीनंतर लगेच होती. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी सणाचा बाजार करून राळेगावहून एसटीनं घरी आले, तर सगळ्या भिंती ताज्या सारवलेल्या. चिठ्ठ्या गेल्या म्हणून मी माठाकडे धावले. पण आईनं प्रत्येक चिठ्ठीच्या कडेकडेनं बोटं फिरवली होती. एकही शब्द भिजला नव्हता. शेजारची काकू दारातूनच म्हणाली, "काहून वो बाई, सणासुदीले अशी ठिगळाची भिंत? लक्ष्मी येईन काय अशानं?" आई मातीच्या हातानंच वळली. "माह्या घरी लक्ष्मी याच चिठ्ठ्या वाचत येईन." ती जागा मला मिळाली; मिळणारच होती. यंदा दिवाळीला मी घरी गेले, तर सारवायच्या आधीच काकू नातीला घेऊन हजर. म्हणाली, "बाई, आमच्याही भिंतीले लिहून दे चार चिठ्ठ्या."