संकष्टीचे दोन बटाटे

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवायचे. नोकरी तात्पुरती होती. कायमची जागा एक आणि उमेदवार आम्ही दोघी. शिक्षण खात्याचे साहेब येऊन दोघींचा एकेक तास बघणार, मग एक राहणार आणि दुसरीला नारळ मिळणार, असं मुख्याध्यापिकाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. दुसरीने आदल्या दिवशी हृदयाचा भलामोठा रंगीत तक्ता लावून तास गाजवला. मला चित्र काढता येत नाही. मी विकरांचा धडा घेतला. विकर म्हणजे एन्झाइम.

त्यात एक हमखास जमणारा प्रयोग होता. केमिस्टकडून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणायची, थोडं परीक्षानळीत ओतायचं आणि त्यात बटाट्याचा कीस टाकायचा. बटाट्यातलं विकर पेरॉक्साइडचे दोन तुकडे करतं. पाणी खाली राहतं, ऑक्सिजन फेसाळत वर येतो. नळीत विझत आलेली उदबत्ती धरली की ती भसकन उजळते. पोरं ते जन्मभर विसरत नाहीत.

आदल्या दिवशी घाईत मी शाळेच्या शिपाई मावशींना सांगितलं, "मावशी, उद्या तिसऱ्या तासाला दोन बटाटे लागतील मला." मावशी सावंतवाडीकडच्या. सांगितलेलं काम कधी विसरत नसत. मी निर्धास्त झोपले.

तिसरा तास सुरू झाला. साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले, शेजारी मुख्याध्यापिकाबाई. मी बाटली दाखवून विचारलं, "हे कुठे बघितलंय?"

"कानात घालतात, बाई!"

"गुडघा फुटल्यावर लावतात. फस्स होतं."

"का होतं फस्स? रक्तातही तेच विकर असतं म्हणून." गाडी रुळावर होती. तेवढ्यात मावशी झाकलेली ताटली घेऊन आल्या. मी झाकण उचललं. दोन बटाटे होते. उकडलेले, सोललेले, वर मीठ आणि जिऱ्याची पूड. बाजूला चमचा.

वर्ग खो खो हसला. साहेबांचं पेन चालू लागलं.

मी दारापाशी जाऊन हळूच म्हटलं, "मावशी, हे काय?"

"आज संकष्टी नाय? माका वाटला तुझो उपास. कच्चो व्हयो म्हणान सांगूक नको गो?"

चूक माझीच होती. संकष्टीच्या दिवशी कोणी बाईने बटाटे मागितले तर ते कशासाठी, हे आमच्या शाळेत विचारावं लागत नसे.

"कच्चे आहेत का कुठे?"

"माझ्या पिशयेत आसत. रातच्या भाजीचे."

"पळा."

मावशी येईपर्यंत काहीतरी करणं भाग होतं. मावशींच्या नावाने खडे फोडून नळीत फेस येणार नव्हता. मी एक उकडलेला बटाटा पाण्याने धुतला, कुस्करला आणि पेरॉक्साइडमध्ये टाकला. बटाटा तळाशी जाऊन बसला. वर दोन-चार बुडबुडे आले, तेही हवा अडकली होती म्हणून. उदबत्ती आत धरली. ती बाहेर होती तशीच मिणमिणत राहिली.

"वाट लागली," पहिल्या बाकावरची मुलगी मैत्रिणीच्या कानात म्हणाली. ते सगळ्या वर्गाला ऐकू आलं.

"का लागली?" मी तिलाच उभं केलं. "बटाटा तोच, बाटली तीच. मग बिघडलं काय?"

"उकडला ना बाई तो."

"मग?"

"गॅसवर ते विकर मेलं?"

"मेलं म्हणायचं नाही, ते जिवंत नव्हतंच. उकळत्या पाण्यात त्याचा आकार बिघडला. आकार गेला की काम गेलं."

मावशी धापा टाकत कच्चे बटाटे घेऊन आल्या. मी एक किसून दुसऱ्या नळीत टाकला. फेस नळीच्या तोंडापर्यंत चढला. उदबत्ती नेली तर टोकावरचा लाल ठिपका फुलला आणि तिथे ज्योतच उभी राहिली. पोरांनी बाकं बडवली. मुख्याध्यापिकाबाईंनीही टाळी वाजवली आणि साहेबांकडे बघून हात मांडीवर ठेवले.

मागून एकीने विचारलं, "बाई, मग ताप आला की आपली विकरं पण बिघडतात?"

"तापाने आपण बटाट्यासारखे उकडत नाही. तितकं तापायच्या आत डॉक्टर गाठायचा."

तास संपल्यावर साहेब टेबलाशी आले. "उकडलेला मुद्दाम आणला होतात? तुलनेसाठी?"

"मुद्दामच!" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

हो म्हणणं सोपं होतं. पण मावशी दारात उभ्या होत्या. "नाही साहेब," मी म्हटलं. "कच्चे हवेत हे मी सांगितलंच नव्हतं. आज माझा उपास असेल असं मावशींना वाटलं."

"आणि नाही?"

"नाही. सकाळी पोहे खाऊन आलेय."

साहेब हसले. मग ताटलीकडे बघत म्हणाले, "माझा आहे. तो दुसरा प्रयोगाला लागणार नाही ना?"

मावशींनी चमचा पुसून पुढे केला. साहेबांनी उभ्या उभ्या बटाटा संपवला आणि वही काखोटीला मारून ते गेले.

कायम झाल्याचं पत्र दिवाळीनंतर आलं. दुसरी शिक्षिका लगेच ठाण्याच्या एका शाळेत लागली, त्यामुळे मला वाईट वाटून घ्यायचंही कारण उरलं नाही. पत्र मावशींनीच आणून दिलं आणि पेढे मिळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

पुढे दरवर्षी हा धडा आला की मी आदल्या दिवशी बजावायचे, "मावशी, उद्या दोन कच्चे आणि एक उकडलेला."

"मीठ लावू?" त्या विचारायच्या.