समोरचं घर

ऑफिसात त्याला सगळे सुसाटराव म्हणत. माणूस स्वतः तसा गोगलगाय, चहा पार गार होईपर्यंत फुंकर मारत बसणारा. पण रस्ते विभागात नकाशे काढता काढता त्याने आपल्याच घरासमोरचा रस्ता असा काही मोकळा केला, की एरवी तुंबून पडणाऱ्या गाड्या बाणासारख्या सुटू लागल्या. सिग्नल काढला, पायी ओलांडायचे पट्टे पुसले, मधोमध छातीएवढा लोखंडी कठडा उभा केला आणि चालणाऱ्यांसाठी वरून पूल टाकला. पुलाला उतार नव्हता, नुसत्या पायऱ्या. उतार केला असता तर खाली गाड्यांची एक रांग कमी झाली असती, आणि रांग कमी करायची म्हटलं की सुसाटराव पेन्सिलच खाली ठेवत. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून ती पाठ जरा ताठच असायची.

आता गंमत बघा. रस्त्याच्या पलीकडे, अगदी नाकासमोर, ताईचं घर. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. एक गुडघा मशीनचं पायडल मारण्यात गेला, असं ती हसत सांगे. रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून ती यायची, भावजयीशी गप्पा हाणायची आणि जाता जाता भावाची कॉलर तपासून नाक मुरडायची. रस्ता मोकळा झाला आणि ताईचं येणं बंद पडलं.

सुसाटरावांनी लगेच निदान केलं : ताई रुसली.

"तू पडदे दुकानातून शिवून आणलेस ना, तेच लागलं तिला," तो बायकोला म्हणाला.

"अहो, मग जाऊन या की. समोर तर राहतात."

"समोर कसलं? गाडी वळवायला पार गोदामांच्या चौकापर्यंत जावं लागतं. तिथे म्हणे केवढी गर्दी असते. रविवारी बघू."

रविवार येत गेले, जात गेले. फोन केला की ताई म्हणे, "काम पडलंय रे." पुलावरून चालत जावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पूल त्याने कागदावर काढला होता. चढायचं काम लोकांचं.

मग पलीकडच्या वस्तीचा अर्ज आला : आमचा सिग्नल आणि पट्टे परत द्या. अर्ज आला की मोजणी, ही खात्याची रीत. सुसाटराव ऑफिसच्या गाडीत काचा वर करून बसले. पुलावरून कॉलेजची दोन-चार पोरं उड्या मारत गेली. रस्ता ओलांडणारं तर चिटपाखरू दिसलं नाही. झालं! 'पायी ओलांडणाऱ्यांची गरज आढळत नाही,' असं त्याने लिहून टाकलं. छातीएवढ्या कठड्यावरून कोण कशाला तंगडी टाकेल, हा विचार त्या गार गाडीत शिरलाच नाही.

हरकती ऐकायला सभा ठेवली ती अलीकडच्या हॉलमध्ये. सभेआधी साहेब म्हणाले, "कुणी हरकत घेतली नाही तर आजच विषय हातावेगळा करू. तोवर पुलाचा एक फोटो काढून आणा. छान मोकळा दिसू दे."

सुसाटराव पहिल्यांदाच आपल्या पुलाच्या पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावरच छातीचा भाता सुरू झाला. वर बघतात तर एक बाई कठड्याला धरून पायरीवर बसलेली, तोंड रस्त्याकडे. फोटो बिघडणार!

"ओ बाई, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय."

"कुठे होऊ? उडी मारू खाली?" म्हणत बाई वळली. ताई.

"तू? इथे काय करतेस?"

"हरकत घ्यायला निघाले होते. तिकडून चढले कशीबशी. उतरताना गुडघ्याने दगा दिला. आता वरही जाववेना, खालीही. म्हटलं, बसू भावाच्या गाड्या बघत. छान पळतात हं."

"अगं, मग फोनवर सांगायचं ना! मला वाटलं, पडद्यांवरून तू..."

"कसले पडदे?"

सुसाटरावांनी फोटोसाठी काढलेला फोन खिशात टाकला.

"साहेबांनी पाठ थोपटली म्हणून किती खूश होतास तू," ताई म्हणाली. "तेव्हा काय सांगू, तुझा पूल मला चढवत नाही म्हणून? आमच्याकडे तर पूल काढणाऱ्याचा रोज उद्धार होतो. मीसुद्धा दोन शिव्या घालते."

"तू?"

"नाहीतर काय! एकटी गप्प बसले तर संशय येईल ना लोकांना, हा दिवटा कुणाचा म्हणून."

एरवी तो खो खो हसला असता. आता मान वर होईना. त्याने खांदा पुढे केला. त्यावर भार टाकून, बसत-टेकत ताई एकेक पायरी उतरली. मध्येच तिने त्याची कॉलर चाचपली आणि नाक मुरडलं. तेवढंही त्याला सोसेना.

हॉलच्या दारात पोचले तेव्हा साहेब विचारत होते, "कुणाची हरकत?" समोर सगळे अलीकडचे गाडीवाले. ताईने हात उचलला.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

ताईने भावाकडे पाहिलं. हात हळूच खाली आला. "कुणी नाही. पंख्याखाली बसायला आले जरा."

वस्तीच्या साऱ्या शिव्या एकीकडे आणि हे एक खोटं एकीकडे. सुसाटरावांच्या कानशिलात जाळ उठला.

"ही माझी ताई," तो म्हणाला. "समोर राहते. तिची हरकत आहे. आणि साहेब, माझी मोजणी खोटी ठरवा. ज्यांना येताच येत नाही, त्यांना मी मोजलंच नाही. घरची माणसंसुद्धा."

"सुसाटरावांना ब्रेक लागला," मागून कुणीतरी खिदळलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "विषय थांबवा. परत मोजा." मग त्याच्याकडे न बघता, "आणि मोजायला दुसरा माणूस पाठवा."

ताईला पुन्हा पूल चढवणं शक्यच नव्हतं. त्याने आपली गाडी काढली. घर समोर दिसत असताना गाडी निघाली भलतीकडेच.

"अरे अरे, माझं घर मागे राहिलं की!" ताई म्हणाली आणि दिसेनासं होईपर्यंत मान वळवून बघत राहिली.

गोदामांच्या चौकात गाड्या जागच्या जागी खोळंबल्या होत्या.

"रोज असंच असतं का रे इथे?"

त्याने समोरच्या गाडीच्या लाल दिव्यांवरून नजर हलवली नाही. "माहीत नाही, ताई. मी कधी आलोच नाही."