भरल्या पंगतीतून उठणं

आमच्या लोकल बोर्डाच्या दवाखान्यात औषधं महिना संपायच्या आत संपतात. किस्से मात्र साचत जातात! कोणाजवळ विंचवाचे असतात, कोणाजवळ एरंडेलाचे. माझ्याजवळचे सगळे एकाच गल्लीतले, घशापासून पोटापर्यंतच्या. पुस्तकात तिला अन्ननलिका म्हणतात. नागपूरच्या मेडिकल स्कुलात याच भागाच्या परीक्षेत मी पहिला आलो होतो. वऱ्हाडातलं अज्ञान वर्षभरात संपवायचं, असं ठरवूनच मेहकर तालुक्यातल्या या बाजारगावी उतरलो. जोडीला गुलाबभाई, जुने कंपाउंडर. सांगायला लाज वाटते, पण या किश्श्यांत हसं होतं ते दर वेळी माझंच.

*

पहिल्याच महिन्यात मी शाळेच्या ओट्यावर व्याख्यान ठोकलं. "विहिरीत दगड पडावा तसा घास पोटात पडत नाही! नळीचे स्नायू त्याला ढकलत नेतात. मागून आवळतात, पुढे सैल होतात. म्हणूनच माणूस डोक्यावर उभा राहूनही पिऊ शकतो!"

"दाखवा बरं!" मागून कोणीतरी ओरडलं.

तालमीतला बाजीराव पहिलवान भिंतीला पाय टेकवून डोक्यावर उभा राहिला आणि पोकळ बोरूतून पेलाभर दूध त्यानं वर ओढलं. टाळ्या! विज्ञान जिंकलं म्हणून मी छाती फुगवून घरी आलो.

संध्याकाळी गुलाबभाई खोबऱ्याचा तुकडा घेऊन हजर. "घ्या डाक्टरसाब, परसाद. पहिलवानाच्या अंगात मारुती आला म्हनून गावानं नारळ फोडले. एक तुमच्या नावानं बी फोडला!"

*

मग मी 'घास बत्तीस वेळा चावा' ही मोहीम काढली. भेटेल त्याला सुनवायचो.

सरकी काढायच्या जिनातला एक मजूर हात जोडून म्हणाला, "साहेब, चावतो ना. पन जिनाचा भोंगा सोळाव्या चावालेच वाजते!"

*

एक देशमुख आले. घराणं माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, सोबत पत्नी. "बोराची आठोळी अटकली," घशाला हात लावून कसंबसं सांगत होते.

मी लांब चिमटा घातला, ओढलं, आणि आनंदानं ओरडलो, "हाडूक! कोंबडीचं!"

बाईंनी हाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "काहो, बोराले हाडं कवापासून यायले लागले?"

माणूस वाचला. त्याची अब्रू मी वाचवू शकलो असतो, फक्त तोंड मिटून. ते मात्र सुचलं नाही.

*

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर सरूबाईचा किस्सा घडलाच नसता.

विशीतली बाई, जवळच्या खेड्यातली. सासूच घेऊन आली होती. झालं होतं असं, की सोयऱ्यांच्या लग्नात ही भरल्या पंगतीतून उठून उभी राहिली. आपल्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी पानावरून हलत नाही. मधेच उठणं म्हणजे यजमानाच्या अन्नाला लाथ. सोयरे बोलायचे बंद झाले, आणि घरात तिला माहेरी धाडायची भाषा सुरू झाली.

"घास छातीत अटकते म्हनते," सासू म्हणाली. "उभी राहून लोटाभर पानी पेते, हात वर तानते, तवा उतरते म्हने. बिमारी असन तं तसं सांगा, नखरे असन तं तसं सांगा. घरात ठेवाचं का धाडाचं, ते तुमच्या बोलन्यावर हाये."

बाहेर रोग्यांची रांग होती. मी घसा पाहिला. स्वच्छ! "काही झालेलं नाही. मनाचे खेळ आहेत. बसवूनच जेवू घाला. अजिबात उठू देऊ नका. आठ दिवसांत सवय मोडेल."

सरूबाई एवढंच म्हणाली, "बसल्यावर उतरत नाही, डाक्टरसायेब."

"उतरेल!" मी म्हणालो. आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

*

सहाव्या दिवशी सासू एकटीच आली. हातात झाकलेली वाटी. "कालच्या सांजची भाकर. आज सकायी उशीवर आली."

मी तोंड फिरवलं. गुलाबभाईंनी वाटी उचलून वास घेतला. "साब, आंबट वास नाई. पोटात पोचली असती तं आंबली असती. हे तं दारातूनच वापस आलं."

मी पुस्तक उघडलं. नळीच्या तळाशी स्नायूंचं कडं असतं. घास आला की ते सैल होतं. काहींचं होत नाही. मग घास तिथेच साचतो, आणि उभं राहून पाणी प्यालं की त्या भारानं खाली सरकतो. पानावर लाल रेघा होत्या. माझ्याच हातच्या, परीक्षेसाठी मारलेल्या!

"मंग धाडू का ठेवू?" सासूनं विचारलं.

"ठेवा. मी येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

*

रविवारी बैलांच्या दमणीनं त्यांच्या खेड्यात गेलो. सासूनं त्याच सोयऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. पत्रावळी मांडल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, "हा आजार आहे, नखरे नाहीत. ते कडं ताणून सैल करायला रबरी नळी असते. ती मागवली आहे. माझं चुकलं."

"मंग त्या दिशी काऊन तसं बोलले?" सरूबाईच्या नवऱ्यानं विचारलं.

"घाईत होतो. आणि मला वाटलं, मला सगळं कळतं."

सासू माझ्या पानावर बेसन वाढता वाढता थांबली. "म्या खांदे दाबून बसवलं तिले. सहा दिवस. तुमच्या सांगन्यावरून."

पंगत सुरू झाली. मी भाकरीचा घास तोंडात घातला. तो घशाखाली उतरेना. पुन्हा जोर केला. छातीत जाऊन बसला. डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही बाजूंना सोयरे खाली मान घालून जेवत होते.

चुलीकडच्या दारातून सरूबाई लोटा घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली.

"उभे राहा, डाक्टरसायेब," ती म्हणाली. "उभं राह्यलं का उतरते."

मी उठलो.